मागच्या खोलीचे गुण

४ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, त्याला कारण फोनच आहे. समोरच्या खोलीत चार दिवस भाड्याने राहून गेलेल्या जोडप्याने अ‍ॅपवर लिहिलं, घर छान, पण मालकीणबाई फोनवर फार मोठ्याने बोलतात. एक स्टार कापला. आपल्या भिंती तुला माहीत आहेत. अलीकडे शिंकलं की पलीकडचा रुमाल शोधतो. तेव्हा यापुढे आपलं बोलणं कागदावर.

स्टारांचा सरासरी आकडा ४.७४ आहे. जाताना तू सांगितलेलं मी विसरलेले नाही. जूनअखेर ४.८ होऊन कंपनीचा उत्तम यजमानाचा बिल्ला मिळाला तर घर राहील, नाहीतर तू विकायला काढशील. घर तुझ्या नावावर, शब्दही तुझाच. मला दुसरीकडे जायला जागा नाही, हे तुला माहीत आहे म्हणून लिहीत नाही.

बाबांचं सांगते. त्यांची मधली खोली पाहुण्यांच्या खोलीला लागून. एकाने लिहिलं, भिंतीपलीकडून सतत खोकला येतो, खोकणारे गृहस्थ सभ्य वाटतात. चार स्टार. सभ्यपणाचा एकही मिळाला नाही. शिवाय दाराजवळची अभिप्रायाची वही. लोक दोन ओळी लिहून जातात आणि बाबा मागाहून लाल पेन घेऊन बसतात. परवा एका बाईंनी लिहिलं की इथे स्वर्गीय अनुभव आला. बाबांनी समासात लिहिलं, पुरावा द्या. खाली दहापैकी चार. बाईंनी निघताना ते पाहिलं.

चाळीस वर्षं त्यांनी पेपर तपासले, सातच्या वर कुणाला दिले नाहीत. तुला तर पोटचा मुलगा असून सहा. आता या वयात त्यांना काय शिकवणार?

वहिनींची चौकशी केली म्हणून सांग. लोभ आहे तेवढा टिकव, वाढवायचं पुढे बघू.

तुझी
ताई

१५ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सहा नव्हे, साडेपाच.

पुढचं राग न मानता वाच. बाबांना मागच्या खोलीत हलव. कपडे धुण्याचं मशीन तिथेच राहू दे. खाट त्याच्या शेजारी बसते, मी गेल्या वेळी टेप लावून पाहिलं आहे. मधली खोलीही आता भाड्याने लावू. अ‍ॅपवर तिचं नाव मी ‘शांत खोली’ ठेवलं आहे.

काठीला खाली रबर लाव. गुडघ्याला चोळायचा मलम बंद, वास फार लांब जातो. अकरा ते चार नवे पाहुणे येतात, त्या वेळात ते बाहेर नकोत. लाल पेन तू काढून घे, मागितलं तर संपलं म्हण.

आणि कुणी विचारलं तर वडील म्हणू नकोस. लोक सुट्टी घालवायला येतात. कुणाच्या घरच्या म्हातारपणात त्यांना राहायचं नसतं. शेजारी आहेत, अधूनमधून येतात, असं सांग. त्यांनीही तेच सांगायचं: मी शेजारी, ह्या मालकीणबाई, इथे पाहुणे राहतात. चार वेळा घोकून घे. जन्मभर पोरांकडून पाठांतर करून घेतलं, त्यांना जमेल.

तूही दारात जरा हसत जा. फोटोत तू जप्तीला आल्यासारखी दिसतेस.

तुझी काळजी करणारा
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हलवलं. बाबांनी एवढंच विचारलं की कोट कुठे अडकवायचा. मशीनच्या वर खिळा ठोकून दिला. मशीन फिरायला लागलं की कोटही हलतो. ते म्हणाले, सोबत झाली.

पाठांतर दोन दिवसांत झालं. गेल्या आठवड्यात मधल्या खोलीतल्या पाहुण्याने त्यांना मोरीपाशी गाठून विचारलं, तुम्ही घरचेच का? बाबांनी न अडखळता सांगितलं, शेजारी. मी ओट्यापाशी उभी होते. त्यानंतर चहा दिला तर मला आभारी आहे म्हणाले. पाहुणा घरात नव्हता तेव्हाही म्हणाले. मी म्हटलं, आता कुणी नाही, आता नको. ते म्हणाले, सराव मोडला की चुका होतात.

आकडा ४.७७. खोकल्याची तक्रार थांबली आहे. ते उशीत तोंड घालून खोकतात.

मी कधी मागत नाही, या वेळी मागते. दोन महिने त्यांना तुझ्याकडे ने. तुमच्याकडे तीन खोल्या आहेत. जूनपर्यंत मला हात मोकळे मिळाले तर घर वाचेल. आणि त्यांना खिडकी मिळेल.

उत्तराची वाट पाहते. लोभ मी मागत नाही, खोली मागते.

ताई

१० मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बाबांना आणणं सध्या कठीण आहे. तिसऱ्या खोलीत हिची व्यायामाची सायकल आहे आणि कुत्र्याला परकं माणूस चालत नाही. मन मोठं आहे, जागा लहान आहे.

पण एक युक्ती सुचली. आपल्याला दोनचार पाच-स्टारच हवे आहेत. मी बाबांच्या नावाने खातं उघडलं आहे आणि त्यांच्या नावाने समोरची खोली दोन दिवस घेतली आहे, २४ ते २६. त्यांना खरोखरच तिथे झोपू दे, म्हणजे खोटं काही नाही. नंतर त्यांनी त्यांच्याच फोनवरून अभिप्राय द्यायचा. माझ्या फोनवरून दिला तर कंपनी पकडते. पाच स्टार, दोन गोड वाक्यं. तूही पाहुणा म्हणून त्यांना पाच दे. दोघांचं लिहून झाल्याशिवाय कुणाचंच दिसत नाही.

पोरीच्या घरासाठी बाप एवढं करेलच. मला साडेपाच दिले ते वेगळं.

कळावे, आणि कळलं की लगेच करावे.

धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. ठरल्या दिवशी बाबांनी बॅग भरली. मागच्या दाराने बाहेर पडले, घराला वळसा घालून पुढे आले आणि दोनच्या ठोक्याला बेल वाजवली. कोट घातला होता. मला हसू आलं आणि मग ते थांबेना, म्हणजे तुझी तक्रार मिटली. मी किल्ली दिली, टॉवेल दिले, गरम पाण्याचा नळ कुठला ते दाखवलं. तो नळ त्यांनीच बसवून घेतलेला. प्रवास कसा झाला म्हणून विचारलं. ते म्हणाले, लांबचा होता.

दुसऱ्या दिवशी चहा टेबलावर दिला आणि मीही समोर बसले. पाहुण्यांजवळ बसतेच की. बाबा तासभर बोलत होते. आई गेल्यापासून इतकं बोलणं झालं नव्हतं. मध्येच त्यांनी विचारलं, मागच्या खोलीत एक म्हातारे राहतात ते कसे आहेत. मी म्हटलं, त्रास देत नाहीत. ते हूं म्हणाले आणि टोस्ट संपवला.

२६ला अकराच्या आत खोली सोडली. चादरीची घडी घातली होती. बॅग घेऊन पुढच्या दाराने गेले आणि मागच्या दाराने आले.

अभिप्राय लिहायला त्यांना तीन दिवस हवे आहेत. आधी कच्चा कागद मागितला. एकूण गुण किती असतात ते विचारलं. मी पाच सांगितलं. बोटांनी नीट दाखवलंही.

मी माझं लिहून टाकलं. वयस्क, शांत, नीटनेटके. कुणीही आपल्या घरात ठेवून घ्यावेत असे. पाच. हे तूही वाचशील म्हणून लिहिलं.

लोभ असला तर आता तो दाखवायची वेळ आहे.

ताई

६ एप्रिल

ती. ताईस सा. न.

बाबांचा अभिप्राय आला. तुला मोबाइलवर वाचायचा कंटाळा, म्हणून जसाच्या तसा उतरवून पाठवतो.

“समोरची खोली. स्वच्छता पाच. अंथरूण पाच. माहितीचा खरेपणा चार. परिसर शांत असल्याचे लिहिले आहे, कपडे धुण्याच्या मशीनचा उल्लेख नाही. मालकीणबाई उत्तम. हसून दार उघडतात. चहा गरम देतात. प्रवास कसा झाला हे विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.

परंतु परीक्षकाने सगळी उत्तरपत्रिका पाहिली पाहिजे, पहिले पान नव्हे. याच घराच्या मागच्या खोलीत मी नऊ आठवडे राहिलो आहे. तिथे खिडकी नाही. चहा दारात ठेवतात, तो निवलेला असतो. तिथल्या माणसाला प्रवासाबद्दल कुणी विचारत नाही. त्याच्याविषयी मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, त्रास देत नाहीत. हे उत्तर चूक आहे. तो त्रास देतो आणि त्याला ते माहीत आहे.

एकाच विद्यार्थिनीने एका प्रश्नाची दोन उत्तरे लिहिली आहेत. नियमाने एकच धरावे लागते. मी दोन्ही धरली. पाचपैकी तीन. विद्यार्थिनी हुशार आहे. सुधारणेस वाव आहे.”

आकडा ४.७२ वर आला. खाली तिघांनी विचारलंय की मागच्या खोलीत कोण आहे.

मी कंपनीला कळवलं. लिहिणारा माणूस भानावर नव्हता असं डॉक्टरचं पत्र दिलं तर ते हा अभिप्राय काढतील. गल्लीतल्या डॉक्टरांना घरी बोलाव. चार प्रश्न विचारतात, सही करतात. महिन्याच्या आत व्हायला हवं. नाहीतर घर दाखवायला दलाल येईल, त्याच्याकडे पाहून हसलीस तरी चालेल.

धाकटा

२५ एप्रिल

चि. धाकट्यास.

डॉक्टर काल येऊन गेले.

बाबांना समोरच्या खुर्चीत बसवलं होतं. दार उघडं होतं आणि मधल्या खोलीतला पाहुणा तिथेच बसून बुटाची नाडी बांधत होता. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ह्या कोण. बाबांनी आधी पाहुण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, मालकीणबाई. तुम्ही कुठे राहता विचारलं तर म्हणाले, शेजारी. मग या घरात कोण राहतं? पाहुणे.

तिन्ही उत्तरं बरोबर होती. तू दिलेली, मी घोकून घेतलेली. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. तेवढ्यात मला सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं. मी डॉक्टरांच्या चहात साखर घातली आणि ढवळत राहिले.

पाहुणा बाहेर गेल्यावर बाबांनी मला हळूच विचारलं, किती मिळाले?

मी पाठ वळवून कप विसळले. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे.

ताई

४ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अभिप्राय निघाला. ४.७७. शाबास.

त्या पत्राचा आणखी एक उपयोग आहे. गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे, तिथे भानावर नसलेल्यांना लगेच घेतात. मी नाव घातलं आहे, सोमवारी गाडी येईल. त्यांच्या खोल्यांना खिडक्या आहेत. तुला खिडकीचंच लागलं होतं ना? बॅग भरायला तू मदत करू नकोस. त्यांना सवय आहे.

मशीनच्या खोलीत एक खाट सुटते. एकट्या प्रवाशासाठी लावू.

लोभ वाढला आहे असं समज.

धाकटा

३ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

३० जूनला ४.८० झाला. बिल्ला आला. घर राहिलं, असं मी धरून चालते.

बाबा त्या सोमवारी पुढच्या दाराने गेले. गाडीवाल्याने बॅग घेतली. त्यांनी माझ्याकडे किल्ली मागितली. मी म्हटलं, आता किल्ली कशाला? ते म्हणाले, खोली सोडताना परत करायची असते.

मी दोनदा जाऊन आले. खिडकी खरंच आहे. पलीकडे भिंत आहे. मला पाहिलं की उठून उभे राहतात आणि आभारी आहे म्हणतात. तिथेही महिन्याला एक कागद भरून घेतात, पसंतीचा. जेवण, स्वच्छता, वागणूक, प्रत्येकाला पाचपैकी गुण. परिचारिकेने मला बाबांचा दाखवला, कौतुकाने. बाबांचंच अक्षर, सरळ ओळीत. जेवण पाच. स्वच्छता पाच. वागणूक पाच. खोली पाच. सूचना: काही नाही.

त्यांच्या हाताखालून किती पोरं गेली. तू गेलास, मी गेले. पूर्ण गुण आजवर कुणाला नाहीत. परिचारिका म्हणाली, फार गोड आहेत हो, कशालाच नाव ठेवत नाहीत. मी तो कागद दोनदा वाचला, कुठे अर्धा तरी कापला आहे का ते पाहायला.

डॉक्टरांनी लिहिलं ते तेव्हा खोटं होतं. आता ते खरं धरायला हरकत नाही.

लोभाचं काय ते तू बघ.

ताई

१२ जुलै

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बिल्ल्याबद्दल अभिनंदन. आता डिसेंबरअखेर ४.९. त्याशिवाय घर ठेवण्यात अर्थ नाही, हे तुलाही पटेल.

बाबांचं वाचून बरं वाटलं. पाच द्यायला लागले तर. त्यांचं आधीचं खातं कंपनीने बंद केलं आहे, पण आईच्या फोनचा नंबर अजून चालू आहे, त्यावर मी नवीन उघडलं. पुढच्या शनिवार-रविवारी समोरची खोली त्यांच्यासाठी घेतली आहे. आश्रमातून दोन दिवसांची सुट्टी काढ.

कोट घालून येऊ दे आणि बेल वाजवू दे. तो भाग तू छान लिहिला होतास.

तुझा
धाकटा