शेवटच्या बाईची गोणी

३ सप्टेंबर
आले एकदाची! सूतगिरणीतून निवृत्त होऊन महिना झाला तरी पाय अजून यंत्रापाशी उभे असल्यासारखे दुखतात. पण आता उरलेलं आयुष्य माझं, एकटीचं. काळ्या समुद्राकाठच्या या गावात चित्रसंग्रहालयामागची खोली भाड्याने मिळाली. क्रास्त्यू मास्तर तैलरंग शिकवणार आहेत. माझे हात पाहून म्हणाले, एवढी वर्षं सूत ओढून बोटं जागेवर आहेत, नशीब समज! संग्रहालयाच्या दाराशी बसणाऱ्या पेनकामावशीने चीज घातलेली गरम बनित्सा खाऊ घातली. जीव सुखावला.

५ सप्टेंबर
शिकायचं ते नक्कल करून. संग्रहालयात समोर भिंतभर चित्र आहे, त्याचीच. मिठागरातल्या बाया पाठीवर मिठाच्या गोण्या घेऊन एका ओळीत चालल्यात. कम्युनिस्ट पक्षाच्या राज्यातलं चित्र, म्हणून सगळ्या हसतायत. शेवटची तेवढी हसत नाही. पेनकामावशी सांगत होती, हिलाही हसवा असा वरून हुकूम आला होता. चित्रकाराने सरळ कळवलं, आधी तिची गोणी उतरवा.

मास्तरांचा नियम एकच. दिसेल तेच रंगवायचं, पदरचं काही घालायचं नाही.

१४ सप्टेंबर
तपकिरी पातळ थर वाळला. त्यावर बायांच्या आकृत्या रंगवल्या, मागचं आभाळ घेतलं. तैलरंगाला घाई चालत नाही. खालचा थर ओला असताना वर हात लावला की नुसता चिखल होतो.

शेवटच्या बाईपाशी आज अडले. कामाची पाळी संपताना आम्ही गिरणीतल्या बाया अगदी अशाच दिसायचो. वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं. मग मी तिला गोणी दिलीच नाही. पाठ सरळ केली आणि गोणीच्या जागी आभाळ भरलं. मास्तर भडकले. म्हणाले, दया आली असेल तर चर्चमध्ये मेणबत्ती लाव बाई, इथे नको. मी हसण्यावारी नेलं.

१५ सप्टेंबर
उठताना खांदे जड. मास्तरांच्या मते मला उभ्याने काम करायची सवय नाही. मला! जन्म गेला माझा उभ्याने.

१७ सप्टेंबर
पाठ ओली होती. सदरा झटकला तर मीठ पडलं.

संग्रहालयात मूळ चित्रापाशी गेले. तिथेही शेवटच्या बाईच्या पाठीवर गोणी नाही. पेनकामावशीला ओढत आणून दाखवलं. तिने विचारलं, कसली गोणी? ही तर पहिल्यापासून अशीच मोकळी.

ती बाई आता हसते आहे.

१८ सप्टेंबर
माझ्या चित्रात गोणी परत घालायला गेले. आभाळ ओलं. चिखल झाला, तो पुसून टाकला. मास्तरांना माझी पाठ दाखवली. ते खाली बघत म्हणाले, वाळेपर्यंत थांबावं लागेल. तोवर कसं थांबू, ते नाही सांगितलं.

२१ सप्टेंबर
वाकूनच लिहिते आहे. पाठीमागे हात नेला तर काहीच लागत नाही, नुसतं वजन. इतकी दमलेय की भीतीही धड वाटत नाही.

२४ सप्टेंबर
रंग वाळला. ब्रश उचलला आणि तिचं हसू दिसलं. किती वर्षांनी बिचारी— पण मीही बिचारीच आहे. उरलेलं आयुष्य माझं आहे. रंगवली गोणी.

मागे होऊन पाहिलं. गोणी आहे. खाली बाई नाही. तिकडे भिंतीवरच्या चित्रातही— ओळीच्या शेवटी गोणी अधांतरी, आणि बाई निघून गेलेली.

२५ सप्टेंबर
पायाखाली पांढरा चिखल. खारा वारा. समोर गोण्या घेतलेल्या पाठमोऱ्या बायांची ओळ—

पुढचीने मान न वळवता सांगितलं, चल गं, रेंगाळू नकोस, आणि हस जरा, लोक बघायला आलेत. मी म्हटलं, आधी माझी गोणी—