उत्तरा बाहेर बसली

पौष शुद्ध नवमी, शके १८०८

गेलं म्हणतात! दूध उतू गेलं म्हणावं तितक्या सहज.

सकाळी उत्तरा परसातून आली ती भिंत धरून. बोलली नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं. लुगड्याला डाग. सुनेचे दोन महिने चुकले होते आणि आज पुन्हा हे. तिसऱ्यांदा! मी तिला धरायला पुढं झाले तोच माजघरातून सासूबाई कडाडल्या — "शिवू नकोस गं तिला! बाहेर बसव आधी!" पोर लटलट कापते आहे आणि ह्यांना शिवाशिवीची काळजी!

बसवली बाहेर. परसाकडची ती खोली. आम्ही बायका महिन्याचे दिवस तिथंच काढतो. एक घोंगडी, एक तांब्या. दाराला आतून कडीसुद्धा नाही. बसवणाऱ्यानं बसवलीच नाही. विटाळशीच्या खोलीत कोण येणार आहे?

पौष शुद्ध दशमी

सुईण आली होती — आवडाबाई, खाडीकडची. सासूबाईंनी दुरूनच फर्मावलं, "सगळं साफ झालं का तेवढं बघ." आवडाबाई बराच वेळ पोट चाचपत होती. बाहेर येऊन मला म्हणाली, "मना नय कलत गो बाय. गेलं आसंल, नसंल पन. पोटान डोला घालून कोन बगतं? पडून र्‍हाऊं दे तिला." आणि जाता जाता — "बोंबलाचा रस्सा द्या पोरीला, आंग धरंल!"

आमच्या घरात बोंबील! सासूबाईंनी उंबरा धुवून घेतला. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. परसात जाऊन हसले.

पौष शुद्ध एकादशी

आज तिच्या खोलीच्या दारात बसले होते. सहज विचारलं, "अगं, तू आठवड्यात पोटभर जेवतेस तरी कधी?"

ती आठवू लागली. सोमवार — सासूबाईंनी धरायला लावलेला, पणतू व्हावा म्हणून. गुरुवार — तिच्या आईनं कल्याणहून निरोप धाडला होता. शनिवार — भटजींनी सांगितला, ग्रहांसाठी. संकष्टी आमच्या स्वारींनी बोललेली. प्रदोष आनंदचा — माझ्या लेकाचा! देवाला नवस हा बोलला आणि उपास बायकोनं करायचा. वर एकादश्या आहेतच.

एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही! ज्याला त्याला वाटतं, पोर आपल्यापुरती एक दिवस उपाशी आहे. घरातल्या प्रत्येकानं तिच्या पोटावर आपापला एक वार लिहून घेतला.

"तुमचा एकही नाही, आत्याबाई," ती म्हणाली. मला ती आत्याबाई म्हणते. "म्हणून मंगळवारी-बुधवारी लागोपाठ दोन दिवस नीट जेवते."

हे वर्षभर चाललं आहे. ह्याखेरीज पहाटे तळ्याकाठच्या पिंपळाला ओलेत्यानं प्रदक्षिणा. थंडीत! मग विहिरीचं पाणी, मग जातं. पोट राहावं म्हणून पोट उपाशी ठेवायचं — कुठल्या शहाण्यानं काढलं हे?

पौष पौर्णिमा

वैद्यबुवा आले. पडद्याआडून तिचा हात दाखवला. त्यांनी मनगटावर रेशमी वस्त्र टाकून वरून नाडी धरली, डोळे मिटले, उघडले — "उष्णता आहे. लंघन द्या."

लंघन! म्हणजे आणखी उपास!

बुवांनी तिला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. हिचा महिना कधी पुरा भरत नाही. आधी चार-दोन दिवस नुसते तपकिरी ठिपके, मग दिसतं. लग्न होऊन आली तेव्हा असं नव्हतं. तेव्हा गालांवर मांस होतं, महिना घड्याळासारखा. उपास वाढत गेले तसा महिना आखडत गेला. मी पाहिलं आहे. ह्या घरात बाईचा महिना पंचांगापेक्षा नीट पाहिला जातो — कोण बसली, कोण उठली, सगळ्यांना पाठ. माझं जाऊन आता वर्ष झालं, हेही सगळ्यांना ठाऊक. पण पाहतात ते शिवायचं की नाही एवढ्यासाठी. बाई कशी आहे हे पाहायला नाही.

मला वाटतं, हिच्यात रुजतं. रुजलेलं धरून ठेवणारं काहीतरी असतं अंगात, ते पुरत नाही. ते काय असतं मला माहीत नाही. पण जे काही असेल ते अन्नातून, झोपेतून, उबेतूनच येत असणार ना? हवेतून येतं का?

पौष वद्य तृतीया

संक्रांत. गोड बोला म्हणे. आज मला नाही जमायचं.

पौष वद्य पंचमी

दोन दिवस झाले, डाग बंद आहे. आणि आज मी फोडणी टाकली तर हिंगाच्या वासानं ती तिकडे खोलीत ओकली! छाती अजून दुखते म्हणाली.

गेलं नाही. आहे!

आनंदानं आत सांगायला निघाले होते. माजघराच्या दारात सासूबाईंचा आवाज आला — "सोमवार चुकले हो तिचे. उठली की दुप्पट धरायला लावा. आणि पिंपळ पुन्हा पहिल्यापासून."

तिथंच उभी राहिले. ही आत आली की पहाटे ओलेती उभी राहणार. ही आत आली की उपाशी राहणार. आत आणलं की जाणार!

सासूबाईंनी विचारलं, "थांबलं का गं?"

मी म्हटलं, "नाही. अंगावरून जातंच आहे."

त्या दोन पावलं मागं सरल्या.

पौष वद्य अष्टमी

उत्तराला सगळं सांगितलं. आधी रडली — "देवाशी खोटं?" मी म्हटलं, देवाशी नाही, घराशी. मग म्हणाली, "आत्याबाई, म्हणजे सोमवारीसुद्धा जेवायचं?"



माघ शुद्ध तृतीया

ह्या घरात तिला माणूस म्हणून विश्रांती मिळाली नाही. सून म्हणून नाही, पोटुशी म्हणून नाही. विटाळ म्हणून मिळाली! जातं नाही, विहीर नाही, पिंपळ नाही. कुणी हाक मारत नाही. सासूबाई तर सावली पडेल म्हणून परसाकडे फिरकत नाहीत. ताट मीच नेते. त्यावर झाकण असतं. झाकणाखाली काय आहे हे कोण बघणार?

तुपातला सांजा. मुगाची खिचडी, वर तुपाची धार. शतावरी घालून आटवलेलं दूध. खारीक. डाळिंब. शतावरी खरंच काही करते की नुसतं दूधच करतं, मला सांगता यायचं नाही. मोठा गुण झोपेचा असेल. दुपारीसुद्धा झोपते! लग्न झाल्यापासून ह्या पोरीला दुपारी आडवं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

रोज सकाळी विचारते — "दिसलं का?" ती मान हलवते — नाही. तेवढ्यावर माझा दिवस जातो.

माघ वद्य द्वितीया

जेवताना स्वारी म्हणाली, "आनंदचं दुसरं करावं लागेल. कल्याणचं एक स्थळ आलं आहे. वैशाखात उरकून टाकू."

कल्याणचं! उत्तराच्या माहेरच्या आळीतलंच. म्हणजे तिच्या आईनं दारात उभं राहून त्या वरातीचे ताशे ऐकायचे.

सासूबाई म्हणाल्या, "ती काय, पडलेली आहे परसात. पडून राहील. आपण काय जेवायला घालत नाही का?"

जेवायला! मी वाढत होते ती पळी हातात तशीच राहिली. आनंदकडे पाहिलं. तो ताटातल्या भाताला आळं करत होता.

माघ वद्य तृतीया

आनंदला गाठलं. कचेरीत जायच्या घाईत होता. "तुला दुसरी बायको हवी आहे?"

"मी काय बोलणार, आई? बाबांपुढे..."

"मग माझ्यापुढे बोल."

पगडी उचलली आणि गेला. लहानपणी विंचवालासुद्धा न भिणारा माझा मुलगा! संध्याकाळी मात्र परसात घुटमळत होता. भिंतीशी उभं राहून हळूच, "बरी आहेस ना?" आतून उत्तर — "बरी आहे." त्याला सांगावंसं इतकं वाटलं! सांगितलं नाही. सांगितलं तर बाबांपुढे तोंड उघडणार नाही, पण आजीपुढे चेहरा लपवता यायचा नाही.

फाल्गुन शुद्ध पंचमी

गाल भरले. हाताच्या बांगड्या घट्ट झाल्या.

फाल्गुन वद्य षष्ठी

हललं!

मी ताट ठेवत होते. तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला — "बघा, बघा ना!" मला काही लागलं नाही हाताला, पण तिच्या तोंडाकडे पाहून कळलं. किती दिवसांत त्या पोरीला कुणी शिवलं नव्हतं, तेही तेव्हाच ध्यानात आलं. हात काढला नाही मी. ताट निवून गेलं.

चैत्र शुद्ध दशमी

आज सगळं फुटलं.

कल्याणचे पाहुणे आले होते, मुलीचे वडील. ओटीवर पानसुपारी चालली होती. ते स्वारींना म्हणाले, "पहिलीची काही हरकत नाही ना?" स्वारी म्हणाली, "तिची कसली हरकत? ती आजारीच आहे." मी दाराआड उभी होते. आता बोलायचं म्हणून डोक्यावरचा पदर सारखा केला, तेवढ्यात अंगणातून कुणी आलं.

उत्तरा! परसातून, विहिरीला वळसा घालून, सरळ ओटीसमोर. पाहुणे कशासाठी येणार ते सकाळी ताट देताना मीच तिला सांगितलं होतं. कधी परपुरुषासमोर उभी न राहिलेली पोर. पदर घट्ट ओढून घेतलेला, त्यामुळं पोट लपेना.

"आजारी नाही मी. मला पाचवा महिना आहे."

पाहुण्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वारींकडे. मग पगडी डोक्यावर ठेवली. "शिरस्तेदारसाहेब, आपल्या घरात काय आहे ते आधी बघून घ्या. मग आमच्या घरी या!" तोंडातला विडा संपायच्या आत गृहस्थ फाटकाबाहेर!

आणि मग आनंदला वाचा फुटली — "मी दुसरं लग्न करणार नाही." पाहुणा गेल्यावर! शूर!

मला वाटलं होतं, आता तरी कुणी तिला बसायला पाट देईल. सासूबाईंचा पहिला प्रश्न — "म्हणजे विटाळ नव्हता?"

"पहिले आठेक दिवस होता," मी म्हटलं.

"आणि आम्ही इतके दिवस शिवाशिव पाळली ती कसली? देवाला फसवलंस तू!"

पोर जिवंत आहे, तिच्या पोटातलं पोर जिवंत आहे — त्याचं काही नाही. फुकट शिवाशिव पाळली ह्याचं दुःख!

चैत्र शुद्ध एकादशी

सासूबाईंचं मन एका रात्रीत फिरलं. आता म्हणतात, नवस फळला! सोमवार फळले! शेजारीपाजारी सांगून झालं. ज्या सोमवारांनी दोन गिळली, त्यांनीच तिसरं दिलं म्हणे! आणि माझं दूध, माझा सांजा, तिची झोप — ते कुठं गेलं?

उत्तराला आत आणलं आहे. आज एकादशी म्हणून ताट नाही. मी चोरून दूध दिलं.

चैत्र पौर्णिमा

भटजींनी निर्णय सांगितला. खोट्या विटाळाचं प्रायश्चित्त — मी आणि उत्तरा दोघींनी तीन दिवस निराहार. त्यानंतर राहिलेले सोमवार पुरे करायचे, आणि पिंपळाच्या प्रदक्षिणा. हे सगळं वैशाखाच्या पहिल्या दिवसापासून.

मी स्वारींना म्हटलं, माझे सहा दिवस घ्या, बारा घ्या. तिला नका लावू. पोर जाईल.

"देवानं दिलं आहे. देवाच्या नियमानं राहील. तुला त्यातलं काय कळतं?"

तेवीस वर्षं ह्या घराची चूल माझ्या एकटीच्या हातावर आहे. दोन वेळा, एवढ्या माणसांना. काय खाल्लं की कुणाचं अंग धरतं, काय खाल्लं की कुणाचं पोट दुखतं — हे मला नाही कळत! डोळे मिटून नाडी धरणाऱ्याला कळतं. पंचांग धरणाऱ्याला कळतं. ज्याच्या पोटात कधी काही हललं नाही अशा प्रत्येकाला कळतं.

रागानं लिहिते आहे. अक्षर बिघडलं.

चैत्र वद्य द्वादशी

उत्तराला आज जातं दिलं. "नाजूकपणा पुरे झाला," म्हणून. संध्याकाळी कंबर धरून बसली होती. मी विचारलं, "दिसलं का?" मानेनंच नाही म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळूच — "आत्याबाई, तिकडेच बरी होते मी."

वैशाख शुद्ध प्रतिपदा

आज चूल पेटवली नाही. पहाटे माझं अंथरूण उचललं, उत्तराचा हात धरला आणि परसाकडच्या खोलीत दोघींची अंथरुणं शेजारी शेजारी टाकली. सासूबाई अंगणात आल्या. "अगं, तुझं तर जाऊन वर्ष झालं!" मी म्हटलं, परत आलं. "आणि ही? पाच महिन्यांची?" म्हटलं, हिच्या अंगावरून पुन्हा जातंय. "खोटं! दोघी खोटं बोलता आहात!"

म्हटलं, खोटं वाटत असेल तर आत येऊन हात लावून बघा.

स्वारी येऊन गेली, भटजी येऊन गेले. अंगणातूनच. दुपार झाली, घरात सगळे उपाशी आहेत. उत्तरा मी रात्रीच करून ठेवलेला सांजा खाऊन झोपली आहे. खोलीला कडी नाही. लागतच नाही.