पिवळ्या रेषेमागून तपासलेला डोळा

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय (नेत्र व कर्ण विभाग)

विषय : रुग्णाच्या उरलेल्या डाव्या डोळ्याची जवळून तपासणी करून लेसर उपचार मिळणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र (जावक क्रमांकाची जागा कोरी, तारीख पुसट, शिक्का मात्र ठसठशीत).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळवते ते असे :

१. रुग्ण या अर्जदाराच्या सासूबाई. शिंप्याच्या दुकानात काजे-बटणे करतात, हयात त्यातच गेली. सुईत दोरा ओवायला त्यांनी कधी कुणाला हाक मारली नाही. एके सकाळी त्यांचा उजवा डोळा लालभडक झाला, अर्धे डोके ठणकू लागले, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली आणि पोटात पाणी ठरेना. अर्जदाराने त्यांना हाताला धरून आपल्या रुग्णालयात आणले. ही अर्जदाराची पहिली चूक.

२. आपल्या नेत्र व कर्ण विभागात फरशीवर एक पिवळी रेषा आहे. मागे कधीतरी डोळ्यांची साथ आली तेव्हा ती मारली गेली, असे शिपाई सांगतो. साथ गेली, रेषा राहिली. भिंतींचे पोपडे पडले तरी त्यांना रंग मिळत नाही, रेषेला मात्र दरवर्षी नवा हात मिळतो. रुग्णाने रेषेच्या अलीकडे उभे राहायचे, डॉक्टरांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसून निदान करायचे. या डॉक्टरांना रांगेतले लोक ‘दुर्बीण’ म्हणतात. अर्जदार या नावाशी सहमत नाही. दुर्बिणीतून काहीतरी दिसते.

३. दुर्बीण साहेबांनी मान वर करून पाहिले आणि “डोळे आलेत” म्हणून थेंबांची बाटली लिहून दिली. सासूबाईंच्या पुढच्यालाही तीच दिली होती, मागच्यालाही तीच दिली. डोके का ठणकते, उलट्या का होतात, हे विचारायला गेल्यावर, तो पोटाचा विभाग, वरच्या मजल्यावर जा, असे उत्तर मिळाले.

४. कानाच्या तपासणीची रीतही अर्जदाराने त्याच वेळी डोळ्यांनी पाहिली. साहेब खुर्चीतून नाव विचारतात, रुग्णाने नाव सांगितले की कान ठणठणीत. एका म्हाताऱ्या भाजीवाल्याला काही ऐकू जाईना, तेव्हा शिपायाने त्याच्या पाठीत बोट खुपसले, तो दचकून नाव बोलला आणि कागदावर ‘ऐकू येते’ अशी नोंद झाली. त्याच्या कानातून पू वाहून सदऱ्याची कॉलर पिवळी झाली होती. ती अर्जदाराला दिसली, रांगेतल्या सगळ्यांना दिसली. साहेबांना दिसायला ती रेषेच्या पलीकडे हवी होती.

५. थेंब घालूनही दुखणे वाढतच गेले, म्हणून अर्जदाराने सासूबाईंना खासगी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पापणी मिटायला लावून वरून हलकेच बोट दाबले. डोळा दगडासारखा घट्ट लागला. त्यांनी सांगितले की डोळे आलेले नाहीत, काचबिंदूचा झटका आहे, आतला दाब चढलेला आहे आणि उजव्या डोळ्याची नजर गेली, ती आता परत येणार नाही. वेळेवर उपचार झाले असते तर वाचवता आली असती. डाव्या डोळ्याची ठेवणही तशीच आहे, त्यालाही असाच झटका केव्हाही येऊ शकतो. तो येण्याआधी, आतले पाणी तुंबून दाब चढू नये म्हणून, लेसरने बारीक छिद्र पाडून घ्यावे. लेसरचे मशीन गावात एकच, ते आपल्याकडे. अर्जदाराने ते पाहिले आहे. त्यावर प्लास्टिक घातलेले असते व प्लास्टिकवर दुर्बीण साहेबांचा जेवणाचा डबा असतो.

घरी परतताना सासूबाई एवढेच म्हणाल्या, “गेला तो गेला गं. दुसऱ्याचं बघ.” ते बघण्यासाठीच अर्जदाराने आपल्याकडे पहिला अर्ज केला होता.

६. त्यावर संदर्भातील पत्र आले. त्यात वर लिहिले आहे की नोंदीप्रमाणे रुग्णाचे डोळे आले होते व ते बरे झाले आहेत, सबब लेसरचे कारण उरत नाही. खाली लिहिले आहे की रुग्णाचा उजवा डोळा अद्याप लाल असल्याने संसर्गाचा धोका आहे, सबब त्यांना मशीनजवळ आणता येणार नाही. एकाच पानावर, एकाच सहीने डोळा बराही झाला आणि साथीचाही राहिला. नोंद चुकली असल्यास ती ज्या डॉक्टरांनी केली तेच तपासून दुरुस्त करतील, असेही आपण कळवता. तपासणार कुठून, तर खोलीच्या त्याच टोकाहून. महोदय, हे पत्र लिहायला किती माणसे लागली, ते कळल्यास बरे होईल. एका माणसाला इतके जमणार नाही.

७. अर्जदाराच्या पतीचे म्हणणे असे की साहेब लोकांना दुखवू नये, अर्ज गोड भाषेत लिहावा. वरील मजकूर त्यांच्या सूचनेप्रमाणे गोड करूनच लिहिला आहे. त्यांच्या आईचा डोळा असून गोडवा त्यांनाच सुचतो, याबद्दल अर्जदार घरी वेगळे बोलली आहे.

८. तरी विनंती की डाव्या डोळ्यावर तातडीने लेसर करावे. उद्या सकाळी दवाखाना उघडताच अर्जदार सासूबाईंना घेऊन रेषा ओलांडेल, मशीनवरचा डबा उचलून साहेबांच्या हातात देईल आणि सासूबाईंना मशीनसमोरच्या स्टुलावर बसवेल. कुणीतरी जवळ येऊन डोळ्यात पाहीपर्यंत त्या तिथून उठणार नाहीत. पोलिसांना बोलवायचे असल्यास जरूर बोलवावे. ते निदान जवळ तरी येतात.

आपली, अजून तरी नम्र,
अर्जदार (रुग्णाची सून)

दिनांक : आज, मंगळवार

सोबत :
१. आपले पत्र, परत. घरात ठेवण्यासारखे नाही.
२. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी. जवळ धरून वाचावी.

रुग्णाची सही :

(नियमाप्रमाणे सही रुग्णाची स्वतःची आहे. थोडी तिरकी आली आहे, पण कागद डाव्या डोळ्याशी धरून, कुणाचा हात न घेता त्यांनी केली आहे. हा अर्ज टेबलावर पडून राहिला, तर पुढच्या अर्जावर त्यांचा अंगठा येईल, आणि तो कुठे उमटवायचा ते त्यांना हात धरून दाखवावे लागेल.)