शिडी मी बांधली होती

बाबा, तुम्ही कुणावर विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. दूधवाल्याने दारात ठेवलेली बाटली तुम्ही उजेडात धरून बघायचात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घरी आल्यावर टेबलावर ओतून मोजायचात. आई वरच्या फडताळातला डबा काढायला स्टुलावर चढायला निघाली की तिला थांबवून आधी स्टूल चारी पायांवर हलवून बघायचात. "अहो, कालच चढले होते की यावर," आई म्हणायची. "काल चढलीस म्हणून आज मोडणार नाही असं त्याने लिहून दिलंय का?" तुम्ही विचारायचात. मी हसायची. आता साठी जवळ आलीय, आणि इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या माझ्या घरी पन्हळ साफ करायला माणूस आला की मी कोट चढवून बाहेर जाते आणि त्याच्या शिडीचा पाय स्वतः हलवून बघते. तो माझ्याकडे बघून हसतो आणि मला त्याचा राग येतो.

साउथ कोस्टवरचं तुमचं ते बोटी दुरुस्तीचं यार्ड मला अजून स्पष्ट दिसतं. शनिवारी तुमचा अर्धा दिवस असायचा, आणि आई आणि मी तुम्हाला आणायला यायचो. हिवाळ्यात लोकांच्या बोटी पाण्याबाहेर काढून सिमेंटच्या अंगणात रांगेने उभ्या केलेल्या असायच्या, तळाच्या कण्यावर तोललेल्या आणि दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू दिलेल्या. पाण्यात बुटकी दिसणारी बोट जमिनीवर उभी केली की तिचा डेक दोन माणसं एकावर एक उभी केल्याएवढा उंच जातो, हे मला तिथेच कळलं. तुम्ही दर टेकूला हात लावून पुढे जायचात. एखाद्या मालकाने ताडपत्रीची दोरी टेकूला बांधलेली दिसली की तुमचं डोकं फिरायचं. वारा ताडपत्रीत भरला की तो टेकूच उपटून काढणार, आणि मग बोट आडवी होणार, हे तुम्ही फोरमनला इतक्या वेळा सांगितलं होतंत की तो तुम्हाला बघून वाट बदलायचा. आमच्या मालकांना शहाणपण शिकवू नकोस, असं तो एकदा आमच्यासमोरच म्हणाला. त्याची पाठ वळल्यावर तुम्ही ती दोरी सोडून टाकलीत.

आणि तुमची ती शिडी. मुंबईच्या गोदीत तुमच्यासोबतचा एक माणूस फळीवरून पडलेला तुम्ही पाहिला होता, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्याचं पुढे काय झालं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पण इथे रोज सकाळी शिडी लावली की तुमचा एकच क्रम. खाली कुणीतरी शिडीचा पाय दाबून धरायचा, तुम्ही वर जायचं, आणि डेकवरच्या पक्क्या लोखंडी खुंटीला शिडीचं डोकं बांधून टाकायचं. कडेच्या तारेला बांधायचं नाही, तार झोल देते. हातात हत्यार घेऊन चढायचं नाही, ते बादलीतून मागून ओढून घ्यायचं. यार्डाच्या दोऱ्या पिंपात भरलेल्या असायच्या. त्या उन्हापावसात कुजलेल्या आहेत, कुणी कशावर कापल्यात देव जाणे, असं म्हणून तुम्ही त्यांना हात लावायचा नाहीत. तुमची स्वतःची निळी नायलॉनची दोरी होती. तिची टोकं उसवू नयेत आणि कुणी ढापू नये म्हणून आईने दोन्ही टोकांना लाल दोरा घट्ट गुंडाळून दिला होता. ती दोरी रोज तुमच्यासोबत घरी यायची आणि कोटाशेजारी खुंटीवर लटकायची.

शिडीचा पाय धरणारा माणूसही तुमचा ठरलेला होता. बोटींच्या बुडाला रंग लावणारा तो रंगारी, तुमच्याहून दहाएक वर्षांनी लहान, कायम शिट्टी वाजवणारा. दुसऱ्याची शिडी न विचारता उचलून नेण्याची त्याला खोड होती, आणि त्यावरून तुम्ही त्याला यार्डभर ऐकू जाईल असं झापायचात. तरी तुम्ही त्यालाच बोलवायचात. तो आपल्या घरी यायचा, आईचे कांदेपोहे चमच्याने खरवडून खायचा आणि मला विचारायचा, "तुझा डॅड झोपायच्या आधी पलंग भिंतीला बांधतो का गं?" तुम्ही हसायचात. बाहेरच्या माणसासमोर तुम्ही एवढे मोकळे हसलेले मी दुसऱ्या कुणाबरोबर पाहिलेले नाही.

मी कॉव्हेंट्रीला शिकायला गेले तो रविवार. शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या गाडीच्या टपावर तुम्ही माझी ट्रंक बांधता आहात. आई म्हणते, "बास हो आता, गळफास लागेल त्या ट्रंकेला." मोटरवेवर तुम्ही दोनदा गाडी थांबवून गाठी तपासता. हॉस्टेलवर पोचेपर्यंत उशीर होतो, पाऊस येतो, मागे दुसऱ्या कुणाची गाडी हॉर्न वाजवत उभी असते. तुम्ही दोरी टपावरून सोडता आणि तिनेच ट्रंक आवळून, पाठीवर घेऊन तीन जिने चढता. मग घाईघाईने माझ्या डोक्यावर हात ठेवून निघता. खिडकीची कडी नीट लागते का ते मात्र तेवढ्यातही बघून घेता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉरिडॉरमधला फोन वाजला, तो माझ्यासाठी होता. आई नुसती रडत होती. तुम्ही डेकवरून उतरायला शिडीवर पाय ठेवला, आणि शिडी बोटीच्या गोल अंगावरून बाजूला सरकली. खाली सिमेंट. मांडी आणि कमरेचं हाड मोडलं होतं. मी पहाटेच्या पहिल्या ट्रेनने निघाले. हॉस्पिटलात तुमचा पाय वजनं लावून टांगलेला होता आणि तुमचे ओठ पांढरे पडले होते. तुम्ही मला पहिला प्रश्न काय विचारलात, आठवतं? "सामान लावलंस का सगळं?" मी हो म्हटलं. "ट्रंक उघडलीस?" हो म्हटलं. मग आई पाणी आणायला गेली, तेव्हा तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "त्या दोऱ्याबिऱ्या टाकून दे. खोलीत पसारा ठेवू नकोस."

मला तेव्हा काही वाटलं नाही. औषधाच्या गुंगीत आहात असं समजले. पण ज्या माणसाने पार्सलवरची सुतळीसुद्धा गुंडाळून खणात ठेवली, तो मला दोरी टाकून द्यायला सांगत होता. परतीच्या ट्रेनमध्ये माझ्या मनात पाल चुकचुकली. खोलीवर पोचले तर ती पलंगाखाली होती, निळी, दोन्ही टोकांना आईचा लाल दोरा.

यार्डात चौकशी झाली. सरकारी इन्स्पेक्टरही येऊन गेला. तुम्ही पलंगावरूनच सांगितलंत, "शिडी मी बांधली होती. मी रोज बांधतो." रंगाऱ्याने सांगितलं की सकाळी शिडीचा पाय त्यानेच धरला होता, आणि दोरी नाही हे पाहून विचारलंही होतं. "आज दोरी कुठंय?" तर तुम्ही म्हणालात, "राहिली. चल, धर." त्याने पिंपातली एक दोरी पुढे केली, ती तुम्ही परत टाकलीत. शिडीला नंतर आपण हात लावला नाही, असं तो शपथेवर म्हणाला. कोण मानणार त्याचं? न बांधता शिडीवर चढणारे तुम्ही नव्हेत, हे अख्ख्या यार्डाला माहीत होतं. आणि न विचारता शिडी नेणारा तो, हेही सगळ्यांना माहीत होतं. त्याने गाठ सोडून शिडी नेली, मग नुसतीच आणून टेकवली आणि दोरी पाण्यात फेकली, असं ठरलं. दोरी सापडत नव्हती ना. ख्रिसमसच्या तोंडावर त्याला काढून टाकलं. तुम्हाला बरं झाल्यावर स्टोअरमध्ये खुर्चीवरचं काम मिळालं. चूक तुमचीच ठरली असती तर अधू पाय घेऊन तुम्हालाच घरी बसावं लागलं असतं, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

मी सुट्टीला घरी आले तेव्हा तो रंगारी आला होता. दार मी उघडलं. तुम्ही आतून दबक्या आवाजात म्हणालात, "झोपलेत म्हणून सांग." त्याने ते ऐकलं असणार, शब्द कळले नसतील, पण आवाज कळला असेल. मी म्हटलं, "ही इज अस्लीप." तो पायरीवर तसाच उभा राहिला. शिट्टी वगैरे काही नाही. "त्याला एवढंच विचार, पोरी," तो म्हणाला, "की दोरी कुठंय. मी नाही घेतली. ती कुठंय ते त्याला ठाऊक असेल." मी दार लावून घेतलं. तुम्ही खुर्चीत पेपर धरून बसला होतात. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही पेपरचं पान उलटलंत. तुम्हाला ठाऊक होतं असं मला त्या क्षणी वाटलं. मला ठाऊक आहे, असं तुम्हाला वाटलं का?

मी तुमचा बचावही करून पाहिलाय, बाबा, खूप वर्षं. नऊ वर्षं रोज सकाळी जे हात गाठ मारतात, त्यांना एका सकाळची गाठ न मारल्याचं आठवेलच असं नाही. पडताना डोक्यालाही मार लागला असेल. तुम्हाला खरंच वाटत असेल, की तुम्ही बांधली होती. हे सगळं मला पटत आलेलं असतं, आणि मग ते हॉस्पिटलातलं छत आठवतं. विसरला असतात, तर ती दोरी टाकून दे असं तुम्ही का सांगितलंत? यार्डातली कुठलीच दोरी तुम्हाला भरवशाची वाटत नव्हती, म्हणून त्या दिवशी तुम्ही मुळी दोरीशिवायच चढलात. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेणारे तुम्ही, स्वतःच्या पायावर मात्र आंधळा विश्वास ठेवलात. तो एक दिवस मला समजू शकतो. पुढचे दिवस समजत नाहीत. मला राग येतो तुमचा. तुम्ही गेलात तेव्हा रडतानासुद्धा आला होता.

हो, तो रंगारी तेव्हाही आला होता. नव्वदच्या दशकातली ती सकाळ, शवदाहगृहात सगळे आपले लोक, लंडनजवळच्या पिनरहून आलेले काका-मावश्या, आणि मागच्या बाकावर काळ्या टायमध्ये तो. त्याला पुन्हा कुठल्या यार्डाने घेतलं नव्हतं. घरं रंगवायचा, असं कुणीतरी सांगितलं. बाहेर पडताना माझा हात हातात घेऊन तो म्हणाला, "इतका जपून राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही." मी त्याच्या चेहऱ्यात टोमणा शोधत होते. अजून शोधते. मला तो सापडला असता तर बरं झालं असतं. मी "थँक यू फॉर कमिंग" म्हटलं आणि पुढच्या माणसाकडे वळले.

कारण मी तुमचं ऐकलं होतं, बाबा. चौकशी चालू असतानाच. ती दोरी मी काळ्या पिशवीत घातली, वर चहाचा चोथा आणि बटाट्याची सालं घातली आणि कचऱ्याची गाडी येईपर्यंत खिडकीत उभी राहिले. दोरी माझ्याकडे आहे, एवढं सांगणारा फक्त एक फोन यार्डात करायचा होता. तुम्ही खोटं बोललात की विसरलात याचा संशय मी चाळीस वर्षं चघळत बसले, त्यात एक सोय होती. तुमच्यावर संशय घेत असताना माझ्यावर घ्यावा लागत नव्हता. आईने मला कधी विचारलं नाही. ती दोरी कुठे गेली असं ती पहिल्या आठवड्यात एकदा म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघून भांडी घासायला वळली.

हे पत्र पोचवायला तुमचा पत्ता नाही. त्याचा आहे. तो जिवंत आहे, तेव्हाच्याच घरात राहतो. मागच्या महिन्यात मी त्याच्या गल्लीतून दोनदा गाडी नेली आणि तो पुढच्या अंगणात कुंड्या हलवत होता. तासाभराच्या रस्त्यावर आहे. घरी येऊन मी लिहायला बसले, आणि पहिला शब्द 'बाबा' असा लिहिला. मला वाटलं, तुमची आठवण आली म्हणून. तसं नाही. एवढं सगळं मी मराठीत लिहिलं, कारण हे त्याच्या हातात पडलं तरी त्याला वाचता येणार नाही.