देवळीला बांधलेली तार

४ जुलै
आले एकदाची! बुकारामांगा शहरातून सहा तास बस, आणि शेजारणीच्या मांडीवरची कोंबडी सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. पण खोली झकास आहे. खिडकीतून नदी दिसते, पूल दिसतो आणि माझे दोन सिग्नलही. पूल एकाच गाडीच्या रुंदीचा, मध्ये वळण, समोरून येणारी गाडी दिसत नाही. एका टोकाला हिरवा तर दुसऱ्या टोकाला लाल, एवढंच सांभाळायचं. फक्त इथे वीज रोज पडते, शेजारीण साखर मागायला यावी तशी. तिला सिग्नलपर्यंत पोचू द्यायचं नाही, हे माझं काम.

संध्याकाळी विल्मारचा ट्रक गेला. माझा धाकटा भाऊ, पामतेल घेऊन याच पुलावरून जातो. डाव्या हेडलाइटवर त्याने निळ्या रंगात लेकीचं नाव लिहिलंय, मारिसेल. आईबाप गेल्यावर आम्ही दोघंच उरलो, म्हणून तर ही बदली मागून घेतली.

६ जुलै
पुलाच्या तोंडाशी ड्रायव्हरांना सांभाळणाऱ्या कार्मेनमातेची देवळी आहे. ट्रकवाले तिला हेडलाइट वाहतात. वाचलेले स्वतः आणतात, न वाचलेल्यांचे घरचे आणतात. शे-दोनशे दिव्यांचा ढीग. त्याची झाडलोट एदुविनाबाई करते, सगळ्यांची दोन्या एदुविना; शेजारी काळी कॉफी आणि मक्याचे गरम आरेपा विकते. तिचा नवरा अबेलार्दो माझ्याच जागी तीस वर्षं होता, गेल्या साली वारला. मला बघून म्हणाली, "एवढीशी तू! वारा सुटला तर आधी तुलाच खांबाला बांधावं लागेल, इंजिनीयरबाई." दोघी पोटभर हसलो.

८ जुलै
सिग्नलची पेटी उघडली. विजेचा लोट आला की तो अर्थिंगच्या तारेवाटे जमिनीत सोडणारे सगळे संरक्षक ठणठणीत आहेत. पण तार जमिनीत जातच नाही! ती जाते देवळीपाशी, आणि हेडलाइटच्या ढिगाला गुंडाळलेली आहे. मीटर चाळीस ओहम रोध दाखवतो, पाचाच्या आत हवा. यावर सिग्नल तीस वर्षं टिकले कसे?

दोन्या एदुविनाला विचारलं. म्हणाली, तार अबेलार्दोने बांधली. "वीज एकटी येत नाही, पोरी. तिच्याबरोबर जे येतात त्यांना बसायला जागा लागते. हात लावू नकोस." मी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाशी वाद काय घालायचा.

१० जुलै
तार तोडली. पेटीमागे खड्डा, तांब्याच्या तीन नव्या कांबी, मीठ, कोळसा. तीन ओहम! मीटरचा फोटो ऑफिसला पाठवला, साहेबांनी शाबासकी दिली. दोन्या एदुविनाने मात्र आज कॉफी दिली नाही.

११ जुलै
दुपारी चारला वीज पडली. साधा फ्यूजही उडाला नाही. पण दोन्ही टोकांना हिरवा लागला. सात सेकंद. सिग्नल चालवणारं कार्ड बदललं.

१२ जुलै
पुन्हा. अकरा सेकंद. बसवाल्याने वळणावर कचकन ब्रेक मारला म्हणून माणसं वाचली. पेटीतली नोंद म्हणते, दोन्हीकडे लाल होता. आणि ढिगातले दिवे पेटले होते. त्यांना आता कुठलीच तार नाही.

पूल बंद करा असं कळवलं. ऑफिस म्हणतं, सोळाला कार्मेनमातेच्या सणाची ट्रकांची मिरवणूक आहे, आणि तुमच्याच फोटोत तीन ओहम आहेत, मग तक्रार कसली?

१४ जुलै
ढिगात नवा दिवा. त्यावर निळ्या रंगात मारिसेल. तेच अक्षर, तोच तिरका ल.

विल्मारला फोन केला. त्याचा दिवा ट्रकवर जागच्या जागी आहे. मिरवणुकीत तो सगळ्यात पुढे असणार. येऊ नकोस म्हटलं तर हसला. "ताई, वर्षभर मातेच्या भरवशावर चालवतो, आणि तिच्याच सणाला दडी मारू?"

दिवा हाताला गरम लागतो.

१५ जुलै
तोडलेली तार पुन्हा जोडली. पक्की जोडली. चारला वीज — दोन्ही हिरवे. वीस सेकंद.

दोन्या एदुविना रडली. आज सगळं सांगितलं. गेल्या साली चोरांनी तांब्यासाठी ही तार कापली होती. अबेलार्दोनेही जोडून पाहिली, पण विजेबरोबर येणाऱ्यांनी ती मानली नाही. एकदा तुटली की ती कुणीतरी मधे उभं राहून धरावी लागते. त्याने दोन्ही टोकं हातात धरली. बस वाचली, तार आपोआप सांधली गेली. तो —

मी ती तोडली. फोटो काढण्यासाठी तोडली. मला माझीच भीती वाटते.

१६ जुलै
साडेतीन. आभाळ काळं. भोंगे ऐकू येताहेत. विल्मार फोन उचलत नाही, एवढ्या गोंगाटात —

पलीकडच्या टोकाला दोन्या एदुविना लाल शाल घेऊन उभी. मी इकडे लाल झेंडा. पण मिरवणुकीत सगळ्यांकडेच लाल कापडं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. हात हलवले. फुगे.

पलीकडून गॅसचा टँकर. शालीला भोंगा देऊन पुलावर चढला.

वीज. इथे हिरवा. तिकडेही हिरवा. ढिगातला एकच दिवा पेटलाय, मारिसेलचं नाव —

विल्मार पुलावर.

कालचा जोड सोडवलाय. एक टोक डाव्या हातात आहे. दुसरं उचलायला लेखणी ठेवावी लागेल. माझ्या जागी जो येईल त्याने ऐकावं. मीटर काहीही दाखवो, ही तार कधी —