डोकं माझं, ठराव तुमचा

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून घाबरू नकोस. टाके सुकले, चक्कर थांबली, तुझी आई पथ्य सांभाळते, म्हणजे पथ्याच्या नावाखाली छळते. एकाच गावात राहून पत्र कशाला, असं म्हणशील. समोर बोललो की तू उलटतपासणी घेतोस, मी गडबडतो आणि मग तू म्हणतोस, बाबा, तुम्ही आराम करा. कागदाला मध्येच कुणी गप्प करत नाही. शाळा माझी सातवीत सुटली, चुका सांभाळून घे.

तुझ्या वकील संघटनेने ठराव केला, की म्हाताऱ्या शिंप्याचं डोकं फोडणाऱ्याचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही. तो म्हातारा मी. ठराव मांडणारा तू. लोक दुकानात येऊन म्हणतात, पोरगा असावा तर असा. मी मान हलवतो. ते गेले की शिवलेलं उसवत बसतो, कारण लक्ष लागत नाही आणि शिवण वाकडी जाते.

पकडला तो पलीकडच्या गल्लीतला इस्त्रीवाला. आमचं पाण्यावरून भांडण झालं होतं, अख्ख्या गल्लीने ऐकलं. पण मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, शटर ओढताना फटका मागून बसला. मला पाठीला डोळे नाहीत. फौजदारांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, काका, काळजी सोडा, तो कबूल झालाय. मी विचारलं, कबूल होताना त्याच्या शेजारी कोण होतं? ते हसले. मला भीती वाटली. तोच असेलही. मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही.

असं विचारायला मला शिकवलं कुणी? तूच. चौकशी सुरू झाल्यापासून संशयिताजवळ वकील हवाच, असा नियम व्हावा म्हणून तुम्ही वरपर्यंत अर्ज नेलेत. त्या दिवशी संघटनेच्या खोलीत मी दाराजवळच्या बाकावर बसलो होतो. पंखा खडखडत होता, अर्धं भाषण कळलं नाही. पण एक वाक्य स्पष्ट ऐकलं. तू म्हणालास, "ज्याचा आपल्याला राग येतो, त्याच्यासाठीच हा नियम आहे." सगळे टेबलं वाजवत होते. मी तुझ्या कोटाची बाही बघत होतो. मीच शिवलेली, डावी जरा आखूड पडली होती. तरी छाती फुगली.

मग आता राग तुला आला, तर नियम कुठे गेला? माझं रक्त बघून तुझं भान गेलं, हे कळतं मला. बाप आहे मी. पण स्वतःच्या बापासाठी मापाची एक टेप आणि दुसऱ्याच्या पोरासाठी दुसरी, असं मी दुकानात कधी चालवलं नाही. आई म्हणते, पोराची संघटनेत पत आहे, तो तोंडघशी पडेल. पडू दे. डोकं माझं फुटलंय. त्याच्या नावाने ठराव करताना मला कुणी विचारलं होतं?

काल इस्त्रीवाल्याची आई दुकानात आली. मला वाटलं, शिव्या द्यायला आली. तर म्हणाली, एकही वकील दार उघडत नाही. मग आम्ही दोघं बसने शेजारच्या गावी गेलो. वाटेत माझा जीव खालीवर, कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगू? तिथल्या एका वकीलबाईंनी वकीलपत्र घेतलं. मी कोण ते कळल्यावर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. सोमवारी त्या तुमच्या कोर्टात येतील. तुझे मित्र त्यांची वाट अडवतील, हे मला ठाऊक आहे. मी वकीलबाईंच्या पुढे चालणार आहे, टोपी न घालता, टाके सगळ्यांना दिसतील असा. ज्याला अडवायचंय त्याने आधी मला अडवावं. दारात तूही असशील. बापाला तिथे बघून तुला धक्का बसू नये, म्हणून आधीच लिहिलं. कुठल्या बाजूला उभं राहायचं, ते तुझं तू ठरव.

तुझाच,
घाबरलेला, पण येणार म्हणजे येणार असा,
बाबा