बसमधली माणसं कोणाकडे?

प्रिय आई,

माझा खोकला गेला, काळजी करू नकोस. मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या का? इथे तीन दिवस धुकं आहे. सभागृहातून खाडी दिसतच नाही. ढगात बसून कारभार चाललाय असं वाटतं.

जिल्हा परिषदेचं काम तपासणाऱ्या समित्यांपैकी कोणी काय बघायचं, ती यादी मीच करते, तुला माहीतच आहे. बसगाड्या प्रॉसरबाईंच्या समितीकडे, म्हातारी माणसं बोवेनसाहेबांच्या. काल कळलं, म्हाताऱ्यांना विरंगुळा केंद्रात नेणारी बस सप्टेंबरपासून बंद आहे, आणि कोणीच जाब विचारला नाही.

"बस तुमच्याकडे ना?" बोवेनसाहेब म्हणाले.

"बस आमची, आतली माणसं तुमची!" बाई फणकारल्या. "आम्ही काय रिकामी बस तपासायची?"

सगळे हसले. मला मात्र थांब्यावर मांडीवर पिशव्या घेऊन बसलेली माणसं दिसत राहिली, धुक्यात हळूहळू विरघळणारी. आता दोन्ही समित्यांची एकत्र बैठक लावली आहे.

मग आपलं घर आठवलं. छप्पर आणि लाकडं इफानकडे, रविवारचा फोन माझ्याकडे. भावाबहिणीने किती नीट वाटणी केली होती! गेल्या रविवारी तू म्हणालीस, "पेपर बंद केला, त्यात काही नसतंच." मी नुसतं "बरं" म्हणाले.

तुझ्या डोळ्यांची काळजी कोणाकडे होती गं?

हे मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलंय. तरीही इफानच वाचून दाखवत असेल, तर इफान, मी येईपर्यंत थांबू नकोस. उद्याच तिला डॉक्टरकडे ने.

तुझी,
मेलेरी